जाम झालेलं जुनं शिलाई मशीन सोडवणं आणि पुन्हा शिवतं करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड या पट्ट्यात माळ्यावर किंवा पडवीत झाकून ठेवलेली शिलाई मशीन अजून पुष्कळ घरांत आहेत. कुणाच्या आजीला लग्नात मिळालेलं, कुणाच्या वडिलांच्या टेलरिंगच्या दुकानातलं. वापर थांबला आणि दहा-पंधरा वर्षांनी झाकण काढलं, तर चाक जागचं हलत नाही. खालची उत्तरं अशा काळ्या, ओतीव लोखंडाच्या घरगुती मशीनसाठी आहेत: उषा, मेरिट, जुनं सिंगर आणि त्याच धाटणीची इतर, ज्यांत बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची बॉबिन ठेवायची डबी) डावीकडून, उभी बसते. प्लॅस्टिक गिअरची नवी मशीन आणि कारखान्यातली हायस्पीड मशीन यांना हे लागू नाही.

चाक अजिबात फिरत नाही. भंगारात घालावं का?

नाही. या मशीनमध्ये झिजणारे भाग थोडे आणि जाड पोलादाचे असतात. ते अडकतात, पण सहसा मोडत नाहीत. नाद सोडावा अशा गोष्टी मोजक्याच: सांगाड्याला तडा गेलेला असणं, किंवा दांडे ज्यांत सरकतात-फिरतात त्या भोकांच्या आतल्या भिंतीच गंजाने खाल्ल्या गेलेल्या असणं. बाकी सगळं सुटतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

जाम होण्याचं कारण काय असतं?

बहुतेक वेळा वाळलेलं तेल. मशीनचं तेल संपलं म्हणून कुणीतरी खोबरेल किंवा शेंगतेल घातलेलं असतं. खाण्याचं तेल हवेशी संयोग होऊन आधी चिकट होतं, मग त्याची पिवळी-तपकिरी कडक साय धरते. दांडा आणि भोक यांच्यात कागदाएवढीही फट नसते. तिथे ही साय धरली की डिंकाने चिकटवल्यासारखं होतं. खोबरेल तर थंडीत गोठतंच.

दुसरं कारण गंज. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या ओलसर हवेत तो जास्त दिसतो. तिसरं, शटलमध्ये (बॉबिन केसभोवती डोलणारा, दोरा पकडणारा टोकदार भाग) किंवा चाकाच्या मागे गुंडाळला गेलेला दोरा. चौथं, पुराचा गाळ. त्यासाठी पुढे वेगळं उत्तर आहे.

वाळलेलं तेल की गंज, हे नखाने कळतं. सुईच्या दांड्यावरचा थर नखाने खरवडल्यावर मेणासारखी पापडी निघाली तर तेल. लालसर भुकटी बोटाला लागली आणि खाली खडबडीत लागलं तर गंज. तेलाची साय रॉकेलने विरघळते. गंज विरघळत नाही, त्याला तेल मुरवून हळूहळू हलवावं लागतं.

सुरुवात करण्याआधी सामान काय लागेल?

शिलाई मशीनचं पांढरं, पातळ तेल २०० मिली. रॉकेल अर्धा लिटर. ते आता सहज मिळत नाही, न मिळाल्यास डिझेल चालतं, वास मात्र रेंगाळतो. औषधाची सुई नसलेली सिरिंज, जुने टूथब्रश दोन, सुती चिंध्या, चिमटा, केस वाळवायचा ड्रायर, लाकडी ठोकळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर. टोक खाचेपेक्षा बारीक असलं की खाच फाटते आणि एका स्क्रूपायी दोन दिवस जातात.

मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढा. काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. जुन्या सिंगरच्या स्क्रूंचे आटे वेगळेच आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू तिथे बसत नाही. दामटून बसवला तर भोकाचे आटे जातात.

नेमकं कुठे अडकलंय हे कसं शोधायचं?

सगळीकडे तेल ओतत बसण्यापेक्षा अर्धा तास शोधण्यात घालवा.

आधी पट्टा काढा आणि बॉबिन भरायचं चाक बाजूला केलेलं आहे ना ते बघा. मग हातचाकाच्या मधली गोल घुंडी सैल करा, म्हणजे बॉबिन भरताना करतो तसंच. आता हातचाक मोकळं फिरलं, तर चाक ठीक आहे, अडथळा आत आहे. चाकही फिरलं नाही, तर ते स्वतःच आपल्या बुशवर (फिरणारा किंवा सरकणारा भाग जिच्यावर टेकतो ती धातूची नळी) चिकटलंय.

मग सुई, प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय), बॉबिन केस आणि शटल काढा. सुईखालची पट्टी काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधला कचरा बघा. वर्षानुवर्षं साचलेले सुताचे तंतू दाबून दाबून नमद्यासारखे घट्ट होतात, आणि तेवढ्यानेही दाते उचलत नाहीत. हे चिमट्याने, दातकोरणीने उकरून काढा. चाक परत हलवून बघा. पुष्कळ मशीन इथेच सुटतात.

नाही सुटलं तर डावीकडचं तोंडाचं झाकण काढा. सुईचा दांडा, प्रेशर फूटचा दांडा आणि दोरा वर-खाली नेणारी टेकअपची दांडी असे तीन भाग दिसतील. प्रेशर फूटचा दांडा चिकटला असला तरी त्याने चाक अडत नाही, त्याला नंतर बघू. मशीन मागे कलंडवा, खाली दोन आडवे शाफ्ट दिसतील: एक शटल हलवतो, दुसरा दाते. दोन्ही बोटांनी धरून किंचित डोलवून बघा. मशीनच्या मागच्या बाजूला खांबावर गोल झाकण आहे, त्याच्या आत मोठ्या जोडदांड्याचं वरचं टोक आहे. तिथे हात सहसा पोचलेला नसतो, म्हणून ते कोरडं असण्याची शक्यता जास्त.

चाक ज्या बाजूला एक-दोन मिलिमीटर तरी हलतं त्या बाजूला हलवताना कुठला भाग हलायचा थांबतो, ते बघत जा. जो भाग सगळ्यांत आधी थांबतो, अडथळा त्याच्याच आसपास असतो.

तेल कुठे कुठे सोडायचं?

नियम एकच: जिथे धातूवर धातू सरकतो किंवा फिरतो, त्या प्रत्येक ठिकाणी. वरच्या भुजेवरची तेलाची भोकं, तोंडाच्या झाकणामागे सुईच्या दांड्याची वरची आणि खालची बुश, टेकअपचा खिळा आणि त्याची खाच, मागच्या गोल झाकणात जोडदांडा, टाका लहान-मोठा करण्याच्या दांडीचा सांधा, हातचाकाची बुश. खाली दोन्ही शाफ्टची दोन्ही टोकं, शटल हलवणारा भाग, दात्यांचा काटा.

भोकांत कचरा भरलेला असतो. आधी बारीक तार घालून मोकळं करा, नाहीतर तेल वरच राहतं. वाळलेल्या तेलासाठी पहिल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी सिरिंजने रॉकेलचे ४-५ थेंब. गंजासाठी गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेलमध्ये मशीनचं तेल निम्मं-निम्मं मिसळून.

किती दिवस लागतात? आणि जोर किती लावायचा?

वाळलेलं तेल असेल तर एक-दोन दिवस. गंज असेल तर आठवडा, कधी तीन आठवडे. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब आणि पाच मिनिटं हालवणं.

जोर फक्त हाताचा, तोही दोन्ही दिशांनी आळीपाळीने. चाक एका बाजूला रेटायचं नाही, इकडून तिकडे डोलवायचं. आज एक मिलिमीटर हललं, उद्या तीन हलेल. चाकाला पाईप पाना लावून ताकद लावणं हा सगळ्यात महागात पडणारा घाईचा उपाय आहे. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. चाकाची आरी किंवा खालच्या शाफ्टचा हात तुटला तर तो सुटा भाग मिळवणं मशीन सोडवण्यापेक्षा अवघड जातं. ठोकायचंच झालं तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलकं टकटक, तेही दांड्यावर, सांगाड्यावर कधीच नाही.

गरम केलं तर लवकर सुटतं का?

सुटतं. केस वाळवायचा ड्रायर चिकटलेल्या बुशवर ५-७ मिनिटं धरा. साय मऊ होते, भोक किंचित पसरतं, आणि गरम असतानाच एक थेंब तेल टाकलं तर ते आत ओढलं जातं. गॅसची ज्योत किंवा ब्लो टॉर्च लावू नका. रॉकेलने माखलेल्या मशीनवर ज्योत म्हणजे आग आहे, आणि काळा रंगही फुगून उठतो. ड्रायरसुद्धा रॉकेल पुसून, वास गेल्यावर आणि खिडकी उघडी ठेवूनच वापरा.

सुईचा दांडाच अडकलाय. तो मोकळा कसा करायचा?

हे अगदी नेहमीचं आहे. तोंडाच्या झाकणामागे एका छोट्या स्क्रूने सुईचा दांडा हलत्या जोडाला आवळलेला असतो. तो सैल केला की दांडा आणि बाकी यंत्रणा वेगळी होते. आता चाक फिरलं, तर दोष दांड्यातच आहे हे पक्कं.

पण तो स्क्रू सैल करण्याआधी एक काम विसरू नका. दांडा खालच्या बुशमधून जिथे बाहेर येतो तिथे, आणि हलत्या जोडाच्या वरच्या कडेला, पर्मनंट मार्करने दोन बारीक रेघा मारा. या दांड्याची उंची एक मिलिमीटरने जरी बदलली तरी टाके सुटायला लागतात. रेघ नसेल तर मग मोजत बसावं लागतं.

दांडा फिरवत फिरवत बाहेर काढा, नुसता ओढू नका. बाहेर आल्यावर त्या रेघा सांभाळून रॉकेलने पुसा, तपकिरी डाग राहिले तर तेल लावून सगळ्यात बारीक स्टील वूलने लांबीच्या दिशेने घासा. पॉलिश पेपर नको, त्याने माप उतरतं. भोक आतून चिंधीची वात करून पुसा. दांडा स्वतःच्या वजनाने सरकन खाली यायला हवा.

हातचाक चिकटलंय. घुंडी सुटली तरी निघत नाही.

चाकाच्या दोन्ही बाजूंनी बुशवर तेल सोडा, ड्रायर द्या, चाक डोलवा. घुंडीत एक बारीक स्क्रू असतो, तो सैल केल्याशिवाय घुंडी पूर्ण निघत नाही. आत तीन कानांची चकती असते. तिची दिशा फोटोत टिपून ठेवा. साफ करून परत बसवल्यावर घुंडी आवळूनही चाक नुसतंच फिरत असेल, किंवा सैल करूनही सुटत नसेल, तर चकती काढा, अर्धा फेरा फिरवून बसवा. दोष तेवढाच असतो.

चाकाच्या मागे दोरा गुंडाळलेला हमखास सापडतो. ब्लेडने कापून काढा.

स्क्रू निघतच नाही. खाच फाटायला आलीय.

थांबा. तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. खाच सुईच्या टोकाने उकरून स्वच्छ करा, नाहीतर ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही. बरोबर मापाचा ड्रायव्हर उभा धरून मागून दोन-तीन हलके ठोके द्या, मग आधी किंचित आवळायच्या दिशेने वळवा आणि नंतर सोडवा. आवळण्याच्या त्या हालचालीने गंजाची पकड मोडते. पक्कड लावून स्क्रूचं डोकं चावू नका.

पुराच्या पाण्यात बुडालेलं मशीन वाचतं का?

वाचतं, पण वेळ महत्त्वाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि सांगलीतल्या तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांतली, घरांतली मशीन गाळात गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. अशा वेळी माणसं आधी मशीन पुसून उन्हात ठेवतात आणि वाळल्यावर चाक फिरवून बघतात. इथेच नुकसान होतं. कृष्णेचा गाळ बारीक असतो. वाळला की तो बुशमध्ये घासपावडरसारखा काम करतो, आणि फिरवलं की दांडे आणि भोकं दोन्ही खातो.

गाळ ओला असतानाच मशीन टेबलापासून सोडवा आणि चाक न फिरवता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. हो, पाण्यानेच. ते आधीच भिजलेलं आहे. भोकांत सिरिंजने पाणी मारा, खालून वरून सगळीकडून, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत. मग लगेच फडक्याने टिपा, ड्रायरने किंवा उन्हात एक-दोन तासांत पूर्ण वाळवा, आणि वाळल्यावाळल्या सगळीकडे रॉकेल सोडून आत उरलेलं पाणी हटवा. त्यानंतरच चाक हलवायचं. शेवटी तेल. हे सगळं त्याच दिवशी झालं तर मशीन आधीसारखं चालतं. महिनाभर गाळासकट पडून राहिलेलं मशीन पूर्ण उघडावं लागतं: दांडे बाहेर, बुश साफ, मग जोडणी.

मोटार लावलेली होती आणि तीही भिजली.

वाळलेली दिसते म्हणून प्लगमध्ये घालू नका. मोटार, पायाखालचा रेग्युलेटर आणि वायर तिन्ही वाइंडिंगवाल्याकडे न्या आणि मेगर या यंत्राने इन्सुलेशन तपासून घ्या. न भिजलेल्या जुन्या मोटारीचीही वायर आधी बघा: रबर तडकून तांबं उघडं पडलेलं असतं. मशीन हाताने हलकं फिरू लागल्याशिवाय मोटार जोडायचीच नाही, अडलेल्या मशीनवर ती जळते.

गंजलेले सुटे भाग कसे साफ करायचे?

सुईखालची पट्टी, सरकपट्टी, स्क्रू यांसारखे सुटे भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात: एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम. दोन-तीन तासांनी काढून ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, ड्रायरने वाळवा, लगेच तेल लावा. ओलं ठेवलंत तर दहा मिनिटांत नवा लाल थर येतो.

स्प्रिंग आणि सुईच्या दांड्यासारखे कडक केलेले भाग यात टाकू नका, आम्लाने ते ठिसूळ होतात. चकाकी दिलेल्या चाकाच्या कडेला आणि तोंडाच्या झाकणाला ब्रासो पुरे. चांदीसारखा थर उडून खालचं पिवळं किंवा करडं दिसू लागलं असेल तर तिथे घासणं थांबवा.

सोनेरी नक्षी न घालवता काळा भाग कसा पुसायचा?

शिलाई मशीनच्या तेलाने. फक्त तेलाने. कापसाचा बोळा तेलात भिजवून हलक्या हाताने गोल गोल फिरवा, अर्धा तास तसंच राहू द्या, कोरड्या मऊ कापडाने उचला, परत करा. बोळा आधी कॉफीसारखा काळा-तपकिरी होतो, सात-आठ बोळ्यांनंतर फिका पडतो.

थिनर, स्पिरिट, नेलपेंट काढायचं द्रव, सॅनिटायझर यांतलं काहीही लावू नका. नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो, स्पिरिटने तो उतरतो. मग सोनं रुपेरी दिसायला लागतं आणि पुढच्या पुसण्यात निघून जातं. साबणाच्या पाण्यानेही तडकलेली नक्षी सुटते. पुरातलं मशीन धुतानाही नक्षीवर ब्रश चालवू नका, तिथे पाणी नुसतं वरून सोडा. गेलेली नक्षी परत येत नाही, म्हणून इथे थोडा मळ राहिला तरी चालेल.

मशीन सुटलं. आता लगेच शिवायला घ्यायचं का?

अजून नाही. आत विरघळलेली घाण आहे. प्रेशर फूट वर, दोरा काढलेला. फूट खाली असताना कापडाशिवाय चालवलं तर दाते आणि फूट दोन्ही झिजतात. सगळ्या जागी रॉकेल सोडून हाताने ५ मिनिटं फिरवा, वाहून आलेलं पुसा. मग तेल घालून ५ मिनिटं. मशीनखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावरचे डाग बघा: चहाच्या रंगाचे असतील तर परत तेल, परत फिरवणं. डाग पाण्यासारखे स्वच्छ पडले की आतलं जुनं निघालं. रॉकेलवरच थांबू नका, ते उडून जातं आणि धातू कोरडा राहतो.

घरात डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे आहे. तेच तेल म्हणून चालेल?

सोडवायला चालेल, वंगण म्हणून नाही. त्यातला बराचसा भाग उडून जातो. काम झालं की पुसा आणि मशीनचं तेल घाला. गाडीचं इंजिन ऑइल फार जाड पडतं, खाण्याचं तेल तर मुळातल्या दुखण्याचं कारणच.

चाक छान फिरतंय, पण टाका पडत नाही किंवा मध्येच सुटतो.

आधी सुई नवीन घाला. मशीनसोबत आलेली सुई बोथट किंवा वाकडी असते. काचेवर सपाट बाजूने ठेवून बघा, टोकाखाली फट कमी-जास्त दिसली तर ती गेली. सुई वर टेकेपर्यंत घालायची, सपाट बाजू शटलच्या टोकाकडे, आणि लांब खाच पलीकडे. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. अर्ध्या तक्रारी सुई उलटी लावल्याच्या असतात. या मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची नाही. सुती साडी, मलमलला ११ नंबर, पॉपलिन आणि ब्लाउजपीसला १४, जीन्स किंवा ताडपत्रीला १६ ते १८.

तरी सुटत असेल तर सुईच्या दांड्याची उंची बघा. या धाटणीत शटलचं टायमिंग (सुई आणि शटलच्या टोकाची वेळ जुळणं) सहसा आपोआप बिघडत नाही, बिघडते ती उंची, कुणीतरी तो स्क्रू सैल केल्यामुळे. कित्येक दांड्यांवर कारखान्यातल्याच दोन आडव्या रेघा असतात: सुई सगळ्यात खाली असताना वरची रेघ खालच्या बुशच्या तळाशी जुळली पाहिजे, आणि सुई वर उचलताना खालची रेघ तिथे आली की शटलचं टोक बरोबर सुईमागे असायला हवं. रेघा नसतील तर असं मोजा: सुई सगळ्यात खालून सुमारे २.४ मिलिमीटर वर आलेली, आणि शटलचं टोक नेढ्याच्या साधारण दीड मिलिमीटर वर.

खालून दोऱ्याचं जाळं येतं.

खाली गुंता म्हणजे वरच्या दोऱ्याचं दुखणं. वरचा दोरा त्याला ताण देणाऱ्या तबकड्यांच्या मध्ये बसलेला नसतो, किंवा तबकड्यांत गंज आणि सुताचे तंतू साठलेले असतात. फूट वर करून दोरा ओवा, कारण तेव्हाच तबकड्या उघडतात. तबकड्यांमधून तेलाचा हात लावलेली चिंधी ओढून काढा आणि कोरड्या चिंधीने पुसून घ्या. दोऱ्याच्या वाटेत तेल राहता कामा नये.

बॉबिनचा ताण बघायला बॉबिन केस दोऱ्याला धरून लटकवा. आपणहून खाली घरंगळली तर सैल, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. हलक्या झटक्याने बोटभर खाली येऊन थांबायला हवी. केसवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, तो बाहेर आला की जमिनीवर सापडत नाही.

मशीन जड चालतं, आणि खट्‌खट्‌ वाजतं.

खालच्या दोन शाफ्टची टोकं निमुळत्या स्क्रूंवर तोललेली असतात, प्रत्येकावर एक लॉक नट असतो. जास्त आवळलं तर जड, सैल राहिलं तर खटखट. एका वेळी एकच टोक घ्या: नट सैल, स्क्रू आठवा हिस्सा फेरा, नट आवळा, शाफ्ट बोटाने पुढे-मागे करून बघा. खेळ नको, पण अडकणंही नको. चार टोकं एकदम सैल केलीत तर दाते सुईपट्टीच्या खाचेत घासायला लागतात.

पायडल आणि पट्ट्याचं काय?

पट्टा काढून पायडल एकटं चालवून बघा. एक धक्का दिल्यावर मोठं चाक पाच-सहा फेरे फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर पायडलची दोन टोकं, उभ्या दांड्याचे दोन्ही सांधे आणि मोठ्या चाकाची धुरी, तिथे रॉकेलने साफ करून तेल आणि चाकाच्या धुरीत थोडं ग्रीस.

चामडी पट्टा साधारण ५ मिलिमीटर जाडीचा मिळतो. तो चाकांवरून गुंडाळून ओढून धरा, जुळत्या ठिकाणापेक्षा एक सेंटिमीटर कमी कापा, दोन्ही टोकांना भोक पाडून तारेची कडी घाला आणि पक्कडीने सपाट दाबा. मधोमध बोटाने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच आत गेला की ताण ठीक. नवा पट्टा महिन्याभरात सैल पडतो, तेव्हा परत अर्धा सेंटिमीटर कापायचा. घट्ट पट्ट्याने मशीन जड होतं आणि दोष उगाच मशीनला जातो.

लाकडी टेबल फुगलंय, पापुद्रे सुटलेत.

सावलीत, हवेशीर जागी, आठ-पंधरा दिवस. उन्हात ठेवलं तर सागाचा फळाही तडकतो. सुटलेल्या पापुद्र्याखाली फेव्हिकॉल घालून वर मेणकागद, फळी आणि वजन, २४ तास. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा आणि उघड्यावर पसरून वाळवा.

मशीन किती जुनं आहे हे कळेल का?

सिंगरवर कळतं. उजवीकडच्या पायथ्याशी कोरलेला नंबर असतो. आपल्याकडची बरीचशी जुनी सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, जो १९८० मध्ये बंद झाला. नंबरच्या सुरुवातीला एफ अक्षर असलेली मालिका १९१० पासूनची, वाय १९२१ पासूनची, ईए १९३५ ची. उषा ही कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची.

सुटे भाग कुठे मिळतील?

शटल, बॉबिन केस, दाते, टेन्शनची स्प्रिंग, सुईपट्टी हे भाग उषा, मेरिट आणि जुन्या सिंगरच्या याच धाटणीत बहुतेक एकमेकांत चालतात, म्हणून मशीन दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतात. जुना भाग सोबत न्या, आणि तिथेच बॉबिन केसमध्ये बॉबिन फिरवून बघा. नव्या शटलच्या टोकावर धार किंवा चर असेल तर घेऊ नका, दोरा तुटत राहतो. दुकानात न मिळणारा खिळा किंवा बुश कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला लेथवाला नमुन्यावरून करून देतो.

कारागिराकडे कधी न्यावं?

तीन आठवडे तेल मुरवूनही केसभर हललं नाही, मुख्य शाफ्टच्या टोकाला खेळ आला, किंवा स्क्रू तुटून आत राहिला तर. जुन्या काळ्या मशीनवर हात बसलेला कारागीर गाठा. सोपवताना "रंग देऊ नका" असं स्पष्ट सांगा. स्प्रे पेंटखाली तेलाची भोकं बुजतात.

पावसाळ्यात परत गंजू नये म्हणून?

जूनच्या आधी सगळीकडे दोन-दोन थेंब तेल, चकाकणाऱ्या भागांवर तेलाचा हात. प्लॅस्टिकचं कव्हर काढून जुन्या सुती साडीचं करा. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. फूटखाली सुती कापडाची दुहेरी घडी दाबून ठेवा, दांड्यावरून उतरणारं तेल ती शोषते. पंधरा दिवसांतून एकदा चाक आपल्याकडे दहा फेरे फिरवा, आणि फिरवताना एखाद्या जागी हाताला जड लागलं तर त्याच दिवशी तिथे तेल द्या.